चिठ्ठीत बाई उठते

४ मार्च

ती. ताईस,

ढब्बूचा साष्टांग नमस्कार. पोट मध्ये येतं, त्यामुळे आठांपैकी पाच-सहाच अंगं जमिनीला लागली असं समज.

फोनवर तुझं-माझं बोलणं 'हं, हो, बरंय' याच्या पुढे जात नाही. भाऊजी शेजारी बसलेले असले की तुझी बोलती बंद. लग्नाला बावीस वर्षं झाली, अजून कसली लाज? म्हणून शेवटी कागद घेतला.

तुझी लेक मजेत आहे. दातांच्या कवळ्या करायचा तिचा कोर्स जोरात चालला आहे आणि माझ्या घरात खिडकीत, फळीवर, बेसिनपाशी सगळीकडे प्लास्टरचे जबडे वाळत पडलेत. परवा सकाळी चष्मा चाचपायला हात घातला तर बोट कुणाच्या तरी दाढांत गेलं. मामाकडे राहायला आली आहे की मामाला घराबाहेर काढायला, कळत नाही. लवंगी हे नाव मीच ठेवलं होतं ना, आता भोगतो आहे.

संध्याकाळी ती माझ्या क्लासला येते. तू हॉल पाहिलेला नाहीस. खाली टायरचं दुकान, वर आम्ही, जमिनीवर निळ्या गाद्या, आणि बाराही महिने रबराचा वास. जुने विद्यार्थी म्हणतात, सर आता म्हातारे झाले, कराटे सोडून नाटकं बसवतात. बसवतो! वीस वर्षं मी पोरींना हवेत गुद्दे मारायला शिकवलं. त्यातल्या एका ब्लॅक बेल्टवालीला बसथांब्यावर एका माणसाने खरोखर धरलं, तेव्हा तिच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. ती मला येऊन म्हणाली, "सर, तो तुमच्यासारखा समोर उभा राहून नमस्कार करत नव्हता." तेव्हापासून मी शिकवायची पद्धत बदलली.

आता प्रत्येकीने आपल्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते तो प्रसंग चिठ्ठीवर लिहायचा. जागा कुठली, माणूस कोण, तो काय बोलतो, शेवटी काय होतं. चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात टाकायची, खाली नाव घालायचं नाही. मग मी फोमचा जाडजूड सूट चढवतो, डोक्यावर पातेल्याएवढं हेल्मेट, आणि त्या चिठ्ठीतला माणूस होतो. पोरी मला मनसोक्त बडवतात. कुणाला सहन होईना तर 'गाजर' म्हणायचं, की सगळं थांबतं. 'बास' आणि 'सोडा' चालत नाहीत, ते प्रसंगातही येतात. मला आत धड ऐकू येत नाही, म्हणून एकजण शिट्टी घेऊन उभी असते.

बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांत लिफ्ट, अंधारी गल्ली, मागे लागलेला स्कूटरवाला. लवंगीची चिठ्ठी मी अक्षरावरून ओळखली. तशीच्या तशी उतरवतो:

"स्वयंपाकघर. बाई खाली बसून फुटलेल्या ग्लासचे तुकडे वेचते आहे. माणूस उभा आहे. तो ओरडत नाही. तो म्हणतो, 'हळू. शेजारी जेवतायत. आवाज आला तर पहिल्यापासून सुरू करू.' दारात एक मुलगी आहे. ती मध्ये येते. बाई उठते. दोघी बाहेर जातात."

कुठून सुचतं गं हे पोरीला? आई वाचनालयात बसून पुस्तकं शिवते आणि लेक ती वाचून डोकं फिरवून घेते, असं मी सगळ्यांना म्हटलं. सगळे हसले. ती नाही हसली.

प्रसंग बसवला. आमच्याकडे एक शिंपीणबाई येतात, त्या खाली बसल्या. काचांऐवजी बाटल्यांची बुचं पसरली. मी ते वाक्य म्हटलं, आणि माझी सगळ्यात तिखट विद्यार्थिनी दारात खांबासारखी उभी राहिली. एकदा नाही, चार वेळा. ना पुढे, ना मागे, ना 'गाजर'. मी सगळ्यांदेखत झापलं, "स्वतःच लिहायचं आणि स्वतःलाच जमत नाही?" घरी येताना माझ्यापुढे वीस पावलं चालत राहिली.

तू आई आहेस. तिला कसं समजवायचं ते सांग. आणि भाऊजींना नमस्कार. त्यांनी पाठवलेल्या मलमाने गुडघा पुष्कळ हलका आहे. माणसाच्या हाताला गुण आहे.

तुझा
ढब्बू


११ मार्च

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद, पोटालाही.

अक्षर वाकडं दिसेल. डावं मनगट दुखावलं आहे, पायरी ओली होती. कागद दाबून धरता येत नाही म्हणून ओळी घसरतात. काळजीचं काही नाही.

वाचनालयात सध्या लहान मुलांची पुस्तकं दुरुस्तीला आली आहेत. पोरं पुस्तकं वाचतात की खातात, देव जाणे. सगळ्यांच्या पाठी सुटलेल्या. एका हाताने खळ लावायची, दाताने दोरा ओढायचा, असं चाललं आहे. ग्रंथपालबाई म्हणाल्या, चार दिवस घरी बसा. मी म्हटलं, नको, इथेच बरी आहे.

लवंगीच्या चिठ्ठीचं तू मनावर घेऊ नकोस. टीव्हीवरचं काहीबाही तिच्या डोक्यात राहतं. लहान असतानाही दारात उभी राहून ऐकत बसायची, मी किती वेळा अंथरुणात नेऊन निजवायची. तिला रस्त्यावरचा एखादा प्रसंग दे. तो स्कूटरवाला दे. घरातलं कशाला? आपल्या घराची भीती कुणाला वाटते का?

आणि तिला झापू नकोस रे. दारात उभी राहिली तर राहू दे. तिथे उभं राहण्यात काही वाईट नाही.

तो प्रसंग सगळ्यांसमोर केलात का? ती कुणाची मुलगी ते तिथे कुणाला ठाऊक आहे का? मी आपलं सहज विचारते. तुझ्या भाऊजींना यातलं काही सांगू नकोस. पोरगी अभ्यास सोडून नाटकं करते म्हणून उगाच चिडतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पत्र यापुढे वाचनालयाच्या पत्त्यावर पाठव. घरच्या पत्रपेटीचं दार नीट लागत नाही.

तुझी
ताई


१९ मार्च

ती. ताईस सा. न.

बातमी आधी सांगतो, नाहीतर मला धीर निघायचा नाही. जमलं! तुझ्या लेकीला जमलं!

तू स्कूटरवाला दे म्हणालीस. मी दिला. तिने मला अडीच सेकंदांत आडवं केलं, हेल्मेट नीट बसवलं आणि म्हणाली, "मामा, आता माझा प्रसंग." हट्टाला पेटली. तीन दिवस रोज तेच. मी वाक्य म्हणायचो, ती उभी राहायची, मी सूट काढून पाणी प्यायचो, परत घालायचो. एकदा तिने मलाच सुधारलं. "मामा, तुम्ही चिडून बोलता. तो चिडत नाही. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोला." मी तसं बोललो, आणि काय सांगू, माझ्याच अंगावर काटा आला.

काल ती हलली. दारातून सरळ मध्ये आली. हात पुढे, तळवे उघडे, आवाज पोटातून: "मागे व्हा!" मला एक सणसणीत धक्का, मग शिंपीणबाईंच्या खांद्याला हात लावून, "ऊठ, चल." बाई उठल्या. दोघी दाराबाहेर. मारामारी नाही, शौर्य नाही, फक्त मध्ये येणं आणि घेऊन जाणं. मी हेच तर शिकवतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तुझी लवंगी जिन्यात बसून रडली. मी म्हटलं, आनंदाने रडते आहे.

आता एक गुन्हा कबूल करतो. गुडघ्याची विचारपूस करायला भाऊजींचा फोन आला होता, आणि बोलता बोलता चिठ्ठीची गोष्ट माझ्या तोंडून निघून गेली. तुला वाटलं तसे ते मुळीच चिडले नाहीत. उलट हसले. ते वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं. मुलगी नेमकी कुठून येते, काय बोलते, कुठे धक्का देते, सगळं बारकाईने विचारलं. म्हणाले, "पोरगी निरीक्षण चांगलं करते." एवढं लक्ष कुठला बाप घालतो? तू उगाच त्यांना घाबरतेस.

शुक्रवारपासून तिला चार दिवस सुट्टी आहे. ती घरी येते म्हणते. मी म्हटलं जा, आईलाही दाखव काय शिकलीस ते.

मनगट कसं आहे?

तुझा
ढब्बू


२३ मार्च

ढब्बू,

तुझं पत्र आत्ता मिळालं. उद्या शुक्रवार.

वाचनालयातून हॉलवर तीन वेळा फोन केला. कुणीतरी मुलगी म्हणाली, सर सूटमध्ये आहेत, त्यांना ऐकू येत नाही, निरोप देते. लवंगीने फोन उचलला नाही. मग तिचा मेसेज आला, "आई, काही बोलू नकोस. मी येते आहे." मी स्टेशनवरून तिला परत पाठवलं असतं, पण तिला आणायला तेच जाणार आहेत. औषधांचं दुकान उद्या दुपारीच बंद करणार म्हणाले. सात वर्षांत दुकान कधी लवकर बंद झालेलं नाही. तुझा फोन झाल्यापासून फार खुशीत आहेत. लेक कधी येणार, असं रोज विचारतात.

हे पत्र तुला मिळेल तोवर सगळं होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते, दुसरं काही सुचत नाही.

पोरीला हे कुठून सुचतं, असं विचारलं होतंस. आता तरी कळलं का?

ताई


६ एप्रिल

ताई,

लवंगी परत आली तेव्हा मी तिला विचारलं, दाखवलंस का आईला? असा मी शहाणा. तुझ्या फोनचा निरोप मला मिळालाच नव्हता. तीन दिवस ती जबडेच घेऊन बसली. साचे करायची, मोडायची, पुन्हा करायची. चौथ्या दिवशी तुझं पत्र आलं आणि मी ते तिच्यापुढे ठेवलं. मग तिने सांगितलं. ती म्हणते ते तुला लिहितो. यात खोटं असेल ते खोड.

जेवणं झाल्यावर भाऊजींनी ओट्यावरचा ग्लास उचलला आणि हातातून सोडून दिला. तुला म्हणाले, "वेच." तू बसलीस. मग दाराकडे बघून, सावकाश, ते वाक्य म्हणाले. आणि तिला म्हणाले, "ये. इथूनच येतेस ना? मामाने काय शिकवलंय ते बघू दे."

ती थबकली नाही, ताई. तिने सगळं बरोबर केलं. मध्ये आली. आवाज दिला. भाऊजी स्वतःहून दोन पावलं मागे झाले, धक्का द्यायचीसुद्धा वेळ आली नाही. तिने तुझ्या खांद्याला हात लावला. "आई, ऊठ. चल."

आणि तू उठली नाहीस.

ती म्हणते, मी पाच-सहा वेळा म्हटलं. ती म्हणते, तू खाली बघत तुकडे वेचत राहिलीस आणि म्हणालीस, "तू जा. आमच्यात पडू नकोस. आमचं काही नाही." भाऊजींनी टाळ्या वाजवल्या म्हणे. हळू, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मग तिची बॅग त्यांनीच दारात आणून ठेवली.

मी बावळट आहे. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या आणि वर घराचा नकाशाही काढून दिला. पण ताई, त्याहून मोठी चूक मला रात्रंदिवस खाते आहे. शिंपीणबाई दर वेळी उठायच्या. मीच सांगून ठेवलं होतं, खांद्याला हात लागला की उठायचं. त्यांना घरी जायची घाई असायची, पटकन उठायच्या. धक्का दिल्यावर माणूस मागे नाही झाला तर काय, केस धरले तर काय, दार लावून घेतलं तर काय, या सगळ्याची आम्ही तालीम केली. बाई उठलीच नाही तर काय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पोरीच्याही आलं नाही. तिने चिठ्ठीत तसं लिहिलंच नव्हतं.

रविवारी मी तुझ्या दारात आलो, तेव्हा मनात काय काय ठरवून आलो होतो. पुढचं तुला ठाऊकच आहे. भाऊजींनी दार उघडलं, खुर्ची दिली, गुडघा तपासला. माझा गुडघा, ताई! त्यांचे हात माझ्या गुडघ्यावर आणि मी आक्रसून बसलेलो. तू पाणी आणलंस. मी म्हटलं, "ताई, बॅग भर, माझ्याबरोबर चल." तू त्यांच्याकडे बघून हसलीस आणि म्हणालीस, "हा लहानपणापासून असाच, कुणी काही सांगितलं की धावत सुटतो." मग मला विचारलंस, परतीची गाडी किती वाजता आहे. मी माणसं आडवी करायला शिकवतो आणि तुझ्या बैठकीत मला खुर्चीतून उठता आलं नाही.

येताना पोलीस चौकीत गेलो. तिथल्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "त्या स्वतः बोलतील का?" मी म्हटलं, हो. खोटं बोललो.

पुढची खोली रिकामी केली आहे. जबडे सगळे माझ्या खाटेखाली गेले. भाऊजी दुकानात असतील अशा कुठल्याही दुपारी नीघ. सामान नको, चपला घालून नीघ. मी स्टेशनवर येतो. लवंगी क्लासला येत नाही. जेवते, कोर्सला जाते, झोपते. काल रात्री एवढंच विचारलं, "मामा, मी हात चुकीच्या खांद्याला लावला का?" मी काय उत्तर देऊ तिला? तू का उठली नाहीस? मला एवढं एकच सांग.

तुझा
ढब्बू


२७ एप्रिल

चि. ढब्बूस,

तुझं सहा तारखेचं पत्र आणि त्यानंतरची दोन्ही मिळाली. ग्रंथपालबाईंनी ती खळीच्या डब्यामागे जपून ठेवली होती. लिहायला बसायची आणि वेळ संपायची. आज लिहून टाकते.

लवंगीने सांगितलं ते अक्षरन् अक्षर खरं आहे. एक गोष्ट तिला दिसली नसेल. तिचा हात लागला तेव्हा मी उठत होते. एक पाय जमिनीवर रोवला होता, ओट्याची कड धरली होती. मग मी वर तिच्याकडे पाहिलं. एवढीशी पोर, हात पुढे धरलेले, आणि तोंडावर जराही आश्चर्य नाही. तेव्हा मला कळलं की हिला सगळं ठाऊक आहे. आजचं नाही, पहिल्यापासूनचं.

ढब्बू, मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तोंडाला पावडर लावायची. पायरी ओली होती म्हणायची, कपाटाचं दार लागलं म्हणायची. ती 'हो आई' म्हणायची आणि शाळेत जायची. संसारात माझ्या हातून दुसरं काही धड झालं नाही, पण पोरीला कळू दिलं नाही, एवढं एक मी केलं असं मी धरून चालले होते. त्यावर दिवस काढले. आणि तिने तर चार ओळींत सगळं लिहून डब्यात टाकलं होतं. त्या वेळी मला राग आला. त्यांचा नाही रे, तिचा आला. माझ्या पोटच्या पोरीचा. म्हणून मी परत खाली बसले. आमचं काही नाही, असं तिच्या तोंडावर म्हणाले. ती मला बघत होती तरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी राग गेला. पण तोवर ती गेली होती.

आता ऐक, आणि हे तिला कधी सांगू नकोस. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या अंगाला हात लावलेला नाही. महिना होऊन गेला. सकाळचा चहा ते करतात. मनगटाला रोज मलम लावून पट्टी बांधतात. म्हणतात, "पोरगी घरात कटकट आणत होती, बघ आता कसं शांत वाटतं." शेजारीण म्हणाली, तुमची तब्येत सुधारली. सुधारली आहे. मला झोप लागते. पडल्या पडल्या लागते, सकाळीच जाग येते. इतक्या वर्षांत अशी झोप माहीत नव्हती. ही फार दिवस टिकणार नाही हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. पण आज आहे, आणि मी ती सोडून तुझ्या पुढच्या खोलीत येऊ शकत नाही. लेक देऊन मी ही झोप घेतली आहे. तिच्यासमोर कुठल्या तोंडाने येऊन राहू?

एक तारखेपासून वाचनालय सोडते आहे. आता आराम कर, असं ते म्हणाले आणि राजीनामा त्यांनीच लिहून दिला, मी सही केली. तेव्हा इथे पत्र पाठवू नकोस, घरी तर मुळीच नको. फोनही नको. तू पुन्हा दारात आलास तर मी पुन्हा तशीच हसेन, आणि ते तुला बघवणार नाही.

पोरीने विचारलं आहे ना, तिला सांग, खांदा बरोबर होता. तिचं काहीच चुकलं नाही. मी सांगितलं म्हणू नकोस, तुझं म्हणून सांग. तू शिकवतोस, तुझं ती ऐकेल. क्लासला परत पाठव तिला. रागावून नको, गोडीने.

आई कशी आहे असं तिने विचारलं तर बरी आहे म्हण. नाही विचारलं, तर तू आपणहून विषय काढू नकोस.

तुझी
ताई